आठवड्याची आखणी

रविवारी दुपारी सगळे येणार म्हणून दादांनी सकाळीच जेवणाच्या टेबलावरचा पसारा आवरायला घेतला. पसारा म्हणजे तरी काय, एका माणसाचा. एक ताट, एक पेला, गोळ्यांची पाकिटं आणि गेल्या आठवड्याच्या आखणीचा मोठा पांढरा कागद. ताट धुतलं, पेला पालथा घातला, गोळ्या खणात टाकल्या. कागद उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

कागद म्हणजे दादा आणि दादा म्हणजे कागद, असं लॉन्ड्रीत सगळे म्हणत. वडिलांच्या हयातीतच त्यांनी हे काम हातात घेतलं होतं. कोणाचे कपडे कोणत्या दिवशी धुवायचे, बॉयलर कधी पेटवायचे, इस्त्रीवर किती बायका लावायच्या, गाड्या कुठे सोडायच्या, सगळं रविवारी एका बैठकीत ठरायचं. वडिलांनी दोन हंड्यांवर मांडलेल्या धंद्याचा कारखाना झाला, हॉटेलं आली, मग ते मोठं हॉस्पिटल आलं, तरी बैठक एकट्या दादांचीच राहिली. एवढं सगळं एका डोक्यात मावतं कसं याचं लोकांना नवल वाटे. दादांनाही वाटे. फक्त ते बोलून दाखवत नसत.

आणि त्यांच्या पत्नी, माई, गेल्या, तेव्हापासून ते डोकं चालेनासं झालं.

म्हणजे बेरीज-वजाबाकी चालायची. कागदावर सगळं नीट बसायचं. पण सोमवार उजाडला की कागद एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे. कधी ओल्या टॉवेलांचा ढीग तुंबायचा, कधी इस्त्रीवाल्या बायका हात बांधून बसायच्या. दादा रविवारी अधिक वेळ बसू लागले, पेन्सिलीला अधिक टोक करू लागले. घरात दुसरा आवाज नव्हता, व्यत्यय नव्हता, लक्ष लागायला खरं तर काहीच हरकत नव्हती. तरी आखणी दर आठवड्याला आधीपेक्षा वाईट उतरे. बायको गेल्यावर माणूस खचतो हे दादांनी ऐकलं होतं. पण तो आकड्यांत खचतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी तर कहर झाला. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरी संध्याकाळी पोचायच्या होत्या, त्या पोचल्याच नाहीत. बुधवारी सकाळी डॉक्टर हात धुऊन तयार, रोगी उपाशीपोटी तयार, आणि टेबलावर अंथरायला चादर नाही. ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. मेट्रनबाईंनी फोन केला तो दादांनाच. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सोमवारी मी स्वतः येते. कागद दाखवू नका, कागद मंगळवारीही होता. कोण काय कधी करणार हे मला काम करणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायचंय. पटलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

हॉस्पिटल गेलं तर निम्मा कारखाना बंद पडला असता. पण खरं सांगायचं तर दादांना रात्रंदिवस कुरतडत होती ती वेगळीच भीती. आखणी आपल्या हातून काढून घेतील. मग रविवारी करायचं काय, आणि सोमवारी उठायचं कशासाठी?

*

बापू ठरल्या वेळेच्या बरंच आधी आले. दादांचा हा धाकटा भाऊ बॉयलर आणि मशीनं सांभाळायचा. त्याच्या अंगाला तेलाचा आणि वाफेचा वास कायमचा चिकटलेला. लग्नाच्या फोटोतही तो येतो, असं माई म्हणायच्या. बापू टेबलाशी न बसता दाराजवळच्या खुर्चीवर टेकले.

"मी लवकर आलो ते मुद्दाम," ते म्हणाले. "अक्काचं आणि आमच्या चिरंजीवांचं काहीतरी शिजतंय. बाहेरचा माणूस आणायचा घाट आहे."

"कशासाठी?"

"आखणीसाठी. पण तू काळजी करू नकोस, मी तुझ्या बाजूने आहे."

दादांना बरं वाटलं. तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला आणि दोन दारं आपटली. दोघं एकाच गाडीतून आली होती, म्हणजे वाटेत ठरवाठरवही झालीच असणार.

अक्का म्हणजे दादांहून लहान आणि बापूंहून मोठी. बापूंनी लहानपणी दिलेली हाक घरभर झाली आणि थोरला भाऊही तिला अक्काच म्हणू लागला. नवरा गेल्यापासून इस्त्रीचा आणि घड्यांचा सगळा हॉल त्या बघत. त्यांच्या मागोमाग आला मॅनेजर, बापूंचा मुलगा. गाड्या आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे. धंदा कसा चालवावा याचं शिक्षण बाहेर राहून घेऊन आला तेव्हा चेष्टेने पडलेलं हे नाव इतकं घट्ट बसलं, की आता त्याच्या आईलाही खरं नाव क्षणभर आठवावं लागे.

बसणं झालं, पाणी झालं. मग कोणीच बोलेना. पूर्वी या टेबलाशी गप्प बसायची वेळ कोणावर येत नसे, ते काम माईंकडे होतं.

"काका, रागावणार नसाल तर एक बोलू?" मॅनेजरने सुरुवात केली.

"रागावणार असलो तर बोलणार नाहीस?"

"तरी बोलेन."

"मग विचारतोस कशाला?"

मॅनेजरने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान डोलावली. "आखणीचं काम आपण बाहेर देऊ या. अशी माणसं असतात, काका. येतात, सगळं बघतात, कॉम्प्युटरवर बसवून देतात. तुमच्या डोक्याला त्रास नको."

"मला त्रास होतो असं मी म्हटलं?"

"तू कुठे काय म्हणतोस," अक्का म्हणाल्या. "पण आम्हाला दिसत नाही का? वय झालं दादा आता. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?"

"वय बॉयलरचंही झालंय," बापू दाराजवळून कडाडले. "म्हणून काय तो भंगारात घालायचा?"

ही उपमा दादांना फारशी आवडली नाही. पण चौघांत एक जण आपल्याकडून बोलतोय एवढं बळ त्यांना पुरलं. ते सरळ बसले, कागद पुढे ओढला आणि मंगळवारच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"माझं चुकलं कुठे ते दाखवा. हॉस्पिटलची धुलाई मंगळवारी सकाळी. दोन्ही बॉयलर पूर्ण दाबावर. दुपारी इस्त्री. संध्याकाळी गाडी. यात चूक काय आहे? एक बॉयलर थंड पडला होता म्हणून हे झालं. तो बंद कोणी ठेवला?"

प्रश्न त्यांनी सगळ्यांना म्हणून विचारला आणि लागला तो नेमका आपल्याच एकुलत्या एका माणसाला. बापूंचा चेहरा पडला.

"मी ठेवला," ते म्हणाले.

"का?"

"त्याचा व्हॉल्व्ह गळतोय. पूर्ण दाब त्याला झेपत नाही. मंगळवारी दिवसभर चालवला असता तर एखाद्याच्या अंगावर वाफ आली असती. म्हणून सोमवारी तो एकच पेटलेला होता तरी संध्याकाळी विझवला. म्हटलं मंगळवारी दुपारपर्यंत दुरुस्त करून पेटवू, थोडा उशीर होईल, कोणाला कळणार आहे? पण सुटा भागच मिळाला नाही."

"म्हणजे माझी आखणी तू परस्पर बदललीस?"

"तुझ्यासाठीच बदलली ना! आणि आता माझंच नाव घेतोस?" बापू उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. "घ्या, आणा बाहेरचा माणूस. मला काय त्याचं."

अशी दादांची फळी फुटली. पण गंमत बघा, त्याच क्षणी समोरचीही फुटली. अक्का टेबलावर वाकून बापूंच्या पाठीला म्हणाल्या, "तू सोमवारी विझवलास? मला का नाही सांगितलंस? मी सोमवारीच धुलाई काढून घेतली होती रे."

"तू कशाला काढलीस? धुलाई मंगळवारी होती."

"मंगळवारी माझ्या दोन बायका येणार नव्हत्या. एकीची लेक बाळंत झाली, दुसरी तिची जाऊ. कागदावर सगळ्या हजर होत्या. म्हटलं, आदल्या दिवशी धुऊन घेऊ आणि सोमवारी संध्याकाळीच इस्त्रीला लागू, म्हणजे दादाची आखणी उघडी पडायला नको. आणि ऐन इस्त्रीच्या वेळी वाफ गेली. मला वाटलं, तुझं नेहमीचं. रात्रभर त्या चादरी ओल्या पडून राहिल्या, सकाळी त्यांना वास. पुन्हा धुवाव्या लागल्या."

"पुन्हा धुवाव्या लागल्या तरी मंगळवारी संध्याकाळी तयार झाल्या होत्या," दादा म्हणाले. "मी स्वतः गठ्ठे पाहिले. गाडी कुठे होती?"

आता तिघांनी मॅनेजरकडे पाहिलं. त्याने टाय बांधला असता तर तो या वेळी सैल केला असता. टाय नव्हता म्हणून त्याने मनगटावरचं घड्याळ सारखं केलं.

"दोन्ही गाड्या हॉटेलांकडे पाठवल्या होत्या मी."

"मंगळवारी? हॉस्पिटलच्या दिवशी?"

"काका, गेले कित्येक मंगळवार माल वेळेवर निघतच नाही. गाडी उभी राहते, ड्रायव्हर बसून राहतात. मी धरूनच चाललो होतो की हिरव्या चादरी बुधवारी पहाटे निघतील. तोवर गाड्या रिकाम्या कशाला ठेवायच्या? तुमचाच खोळंबा मी भरून काढत होतो."

तिघांनी तीन बाजूंनी सावरायला हात दिला होता आणि मधल्या मधे भांडं फुटलं होतं. एकेकाचं ऐकलं तर कोणीच चुकलं नव्हतं. ज्याने त्याने दुसऱ्याला न सांगता शहाणपणा केला होता, एवढंच.

"एक ना धड भाराभर चिंध्या," अक्का पुटपुटल्या. एरवी लॉन्ड्रीत या म्हणीवर हमखास हशा पिकत असे. आज कोणी हसलं नाही.

दादांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "व्हॉल्व्ह गळतो, बायका येणार नाहीत, गाड्या थांबतात. यातलं एक अक्षर माझ्या कानावर नाही. एवढा मी परका झालो?"

बापू खिडकीपासून वळले. "तुला त्रास द्यायचा नाही असं ठरलं होतं."

"कोणी ठरवलं?"

"आम्हीच. माई गेल्या त्या आठवड्यात. तू कोणाशी बोलत नव्हतास, जेवत नव्हतास. अक्का म्हणाली, कारखान्याची कटकट त्याच्यापर्यंत जाऊ द्यायची नाही, आपण सांभाळून घेऊ. मग तेच चालू राहिलं."

"बरं. पण त्याच्या आधी? त्याच्या आधी तरी तुम्ही मला कुठे काय सांगत होता? मला आठवत नाही, बापू, तू कधी येऊन व्हॉल्व्हचं बोललास असं. तरी आखणी बरोबर यायची. वर्षानुवर्षं आली. म्हणजे डोकंच गेलं ना माझं?"

बापूंनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी टेबलाकडे. शेवटी मॅनेजरच बोलला. या सगळ्यात तो लहान, त्याला गप्प राहण्याची तितकी सवय नव्हती.

"तेव्हा आम्ही माईंना सांगायचो, काका."

*

चहा टाकतो, असं म्हणून दादा स्वयंपाकघरात आले. चहा टाकायचा होता हे खरं, पण त्याआधी त्यांना कुठेतरी उभं राहायला जागा हवी होती.

माई रोज दुपारी कारखान्यात जायच्या. घड्या घालायला जरा हात लावून येते, म्हणायच्या. दादांच्या मते ती माईंची करमणूक होती. संध्याकाळी इथे, या ओट्याशी, त्यांची पाठ दादांकडे असायची आणि तोंड चालू असायचं. दादा बाहेर टेबलाशी कागद घेऊन. बापूभाऊजी म्हणत होते, दुसऱ्या बॉयलरची कुरकुर चाललीय. वन्संच्या हॉलमधली ती उंच बाई, तिच्या मुलीचं लग्न ठरलं हो, पुढच्या गुरुवारी निम्म्या बायका तिकडेच जाणार. हॉटेलवाल्यांकडे म्हणे गुरुवारी पाहुणे बदलतात, बुधवारी टॉवेल नेऊन दिले तर त्यांच्याकडे ठेवायला जागा नसते. भाजी जरा खारट झालीय, सांभाळून घ्या. दादा म्हणायचे, हं. कधी म्हणायचे, जरा गप्प बसतेस का, मला आकडे धरू दे. त्या गप्प बसायच्या. आणि थोड्या वेळाने पुन्हा, मी काय म्हणते, बापूभाऊजींना मधे अर्धा दिवस तरी मिळाला पाहिजे.

आणि दादांची पेन्सिल बुधवारच्या रकान्यात एक बॉयलर कमी करायची. आपल्याला हे कसं सुचतं, याचं त्यांना नवल वाटायचं.

पाणी उकळून गेलं तरी त्यांना कळलं नाही. लाज वाटली, तिच्याहून जास्त एकटं वाटलं. आजवर निदान इतकं होतं की बायको गेली, पण आपलं काम आपल्यापाशी आहे. आता कळत होतं की ती जाताना निम्मं कामही घेऊन गेली, आणि जिवंत होती तेव्हा आपण तिला वाटा दिला नाही. हे सांगायलाही तीच हवी होती. दुसऱ्या कोणाला सांगून ते कळण्यासारखं नव्हतं.

बाहेरून आवाज चढलेले ऐकू आले.

"बुधवारी विझवलास तर मी काय करू? बुधवारी माझी हॉटेलं असतात."

"मग कधी विझवू? रविवारी? रविवारी वर्कशॉप बंद असतं. सुटे भाग काय आकाशातून पडणार?"

"बाबा, आत्या, एक मिनिट, हॉटेलांचं माझ्यावर सोडा ना."

"तुझ्यावर सोडलं होतं मंगळवारी. पाहिलं आम्ही."

दादांनी पुन्हा पाणी टाकलं. कप भरले, ट्रे उचलला. बाहेर आले तेव्हा तिघं कागदावर वाकून भांडत होती, आणि बापू पहिल्यांदाच दाराजवळची खुर्ची सोडून टेबलाशी बसले होते. दादांनी कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, उलटा केला आणि कोरी बाजू वर ठेवली.

"एकेकाने बोला," ते म्हणाले. "मी लिहितो. बापू, आधी तू. व्हॉल्व्हला किती वेळ लागेल? आणि तोंडाची वाफ दवडू नकोस, आधीच कमी आहे."

बापूंना हसू आवरलं नाही. "अर्धा दिवस थंड व्हायला. मग दोन तासांचं काम."

"अक्का, बायका कधीपर्यंत नाहीत?"

"एक गुरुवारी येईल. दुसरीचं तिला विचारते. पण दादा, मी सांगते, हिरव्या चादरी टॉवेलांबरोबर एका दिवशी ठेवू नकोस. टॉवेलांचे तंतू चिकटतात त्यांना. बायका चिमटीने एकेक काढत बसतात, त्यात निम्मी दुपार जाते."

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

दादांनी लिहून घेतलं.

मग ते टेबल जे पेटलं ते संध्याकाळपर्यंत विझलं नाही. बापूंना बुधवार हवा, अक्कांना बुधवार सोडवेना. मॅनेजरने तिथल्या तिथे हॉटेलवाल्याला फोन लावला, रविवारी त्रास देतो म्हणून माफी मागितली आणि विचारलं, टॉवेल बुधवारऐवजी गुरुवारी चालतील का. तो म्हणाला, चालतील काय, आम्ही केव्हाचं तेच सांगणार होतो, बुधवारी तर आमच्याकडे ठेवायला जागा नसते. फोन ठेवून मॅनेजरने सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू गडच जिंकला. अक्का म्हणाल्या, मग माझ्या बायका बुधवारी काय करणार? आणि तेव्हा दादा, इतका वेळ फक्त लिहीत असलेले दादा, पेन्सिल थांबवून म्हणाले, "बुधवारी त्यांना घड्यांवर बसव. घड्यांना वाफ लागत नाही. हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी सोमवारी धुवायच्या, सोमवारीच इस्त्री, एका बॉयलरवर तेवढं निभतं. त्या मंगळवारी दुपारीच रवाना. वॉर्डांच्या पांढऱ्या चादरी मंगळवारी, त्यांच्या घड्या बुधवारी, तोवर बापू व्हॉल्व्ह उघडून बसेल. गुरुवारी दोन्ही बॉयलर, तेव्हा टॉवेल."

तिघं कागदाकडे पाहत राहिली. बापूंनी बोटाने सोमवारपासून गुरुवारपर्यंत रेघ ओढली, पुन्हा मागे आणली.

"बसतंय," ते म्हणाले. "तंतोतंत बसतंय."

"हे मला नसतं जमलं," मॅनेजर म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. "मेट्रनबाई येतील तेव्हा आपण चौघांनी इथेच बसायचं. ज्याने त्याने आपलं सांगायचं. आणि पुढच्या रविवारीही इथेच."

"आणि तुझा कॉम्प्युटरवाला?"

"त्याचं घोंगडं राहू दे भिजत."

दादांना आनंद झाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आकड्यांनी त्यांच्याकडे तोंड केलं होतं. त्या आनंदात त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलण्यासाठी तोंडही उघडलं. आत कोणी नव्हतं. ते त्यांना अर्थातच माहीत होतं.

*

बापलेक आधी खाली गेले. कोण गाडी चालवणार यावर त्यांचा वाद जिन्यात सुरू झाला आणि फाटकापर्यंत ऐकू येत राहिला. अक्का कप विसळायला थांबल्या. दादा दारात टॉवेल घेऊन उभे राहिले. धुतलेला कप कुठे ठेवायचा हे त्यांना अजून नीट माहीत नव्हतं.

"मघाशी वय झालं म्हणाले ते मनातून नव्हतं हं," अक्का नळाकडे तोंड करून म्हणाल्या.

"खरंच तर आहे."

"असू दे. पण तुला काढून टाकायला निघालो होतो असं मनात आणू नकोस. तू आमच्यासाठी काय केलंस ते आम्ही विसरलेलो नाही."

"मी काय केलं?"

"आता उगाच मोठेपणा नको." अक्कांनी एक कप पुढे केला. "आमचे हे आजारी होते तेव्हा तू रोज चौकशी करायचास. माई यायच्या ना, त्यांचं पहिलं वाक्य तेच. वन्सं, यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय, डॉक्टर काय म्हणाले. एक दिवस चुकला नाही. बापूलाही, त्याचा दमा वाढला की निरोप यायचाच, हे म्हणतात आज धुरात जाऊ नका. म्हणून तर तो तुझ्यासाठी पोटच्या पोराशी भांडतो. आणि हे गेले, मी घरात पडून असायचे, तेव्हा तूच म्हणालास ना, इस्त्रीचा हॉल अक्काशिवाय कोण बघणार. माईंनी मला तुझेच शब्द सांगितले. त्या एका वाक्यावर मी उभी राहिले, दादा. नाहीतर संपलेच होते."

दादांच्या हातातला कप केव्हाच कोरडा झाला होता, तरी ते पुसत राहिले. त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. अक्का हॉलमध्ये आली तर कामाची घडी विस्कटेल, हे त्यांचे शब्द होते. माईंनी तो विषय कित्येक दिवस सोडला नाही, आणि शेवटी कंटाळून ते म्हणाले होते, कर तुला काय करायचं ते. मेहुण्याच्या आजाराचं त्यांनी एकदा विचारलं असेल, नसेलही. बापूंना दमा आहे हे तर ते आज ऐकत होते.

म्हणजे माई तिकडचं इकडे आणायच्या तसं इकडचंही तिकडे न्यायच्या. आणि इकडे न्यायला काही नसायचं तेव्हा पदरचं घालायच्या. एवढी वर्षं या माणसांनी ज्या दादावर माया केली, तो त्या ओट्याशी उभं राहून माईंनी रचला होता.

ते मी म्हटलं नव्हतं, अक्का. वाक्य अगदी ओठावर आलं. पण अक्का हात पुसत होत्या, आणि त्यांचा चेहरा दुपारपेक्षा कितीतरी मोकळा दिसत होता. ते वाक्य बोलून दादांचं मन हलकं झालं असतं, आणि अक्का ज्यावर उभ्या होत्या ते पायाखालून गेलं असतं. दादांनी ते गिळलं. आता हे गुपित जन्मभर आपल्यालाच ठाऊक राहणार, हे त्यांना कळलं, आणि माई गेल्या त्या दिवशीही वाटलं नव्हतं इतकं एकटं त्यांना वाटलं.

"येते मी," अक्का म्हणाल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या आणि जिन्याकडे वळल्या. दादा दारात उभे होते. काहीतरी विचारायला हवं होतं, आणि काय विचारायचं असतं तेच त्यांना येत नव्हतं. माई काय विचारायच्या?

"अक्का."

"काय रे?"

"तुला रात्री झोप लागते का गं?"

अक्का पहिल्या पायरीवर थांबल्या. त्यांनी वळून भावाकडे नीट पाहिलं, दिवसभरात पाहिलं नव्हतं तसं.

"आज स्वतः विचारतोयस?"

"मग आता कोणाकडून विचारू?"

जिन्यात अंधार पडू लागला होता. खाली फाटकाशी मॅनेजरने हॉर्न वाजवला, एकदा आणि पुन्हा एकदा. अक्कांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या पायरी चढून पुन्हा वर आल्या.

"नाही लागत," त्या म्हणाल्या. "आणि तुला?"

दादांनी नकारार्थी मान हलवली. ते दारातून बाजूला झाले आणि त्यांनी आत यायला वाट करून दिली.